बाय

ग्रिम्स्बीच्या गोदीमागे, चर्चच्या तळघरात
मंगळवारी साडेसहाला वर्ग भरतो.
हीटर आधी खोकतो, मग तापतो.
ग्लेनिसबाई, वय एकाहत्तर,
फळ्यावर दोनच अक्षरं काढतात:
बाय.

"निरोपाचा नव्हे," म्हणतात, "विकत घेण्याचाही नव्हे.
हा तिसरा. चणीने लहान, पण कुठंही घुसतो."

आपल्याकडे असले शब्द
नामाच्या पाठीला चिकटून येतात.
ने, पाशी, कडून, पर्यंत,
ज्याचं त्याचं काम वाटून दिलेलं.
इथे एकच गडी
नामाच्या पुढे चालतो
आणि चार घरची धुणी धुतो.

डानुटेच्या नखात अजून कॉडचं खवलं आहे.
नदीपाशी माझं घर होतं: बाय.
मासा हाताने कापते: बाय.
पगार किलोवर मिळतो: तोही बाय.
ती हसते. नदी, हात आणि किलो
एकाच खुंटीला?
"एकाच. आणि भाडं शुक्रवारपर्यंत भरायचं,
तेही तिथंच टांगायचं."
शुक्रवार म्हणताना बाईंचा मार्कर
फळ्यावर टेकून राहतो. निळा ठिपका मोठा होत जातो.

मग सरावाचा कागद.
'मी या देशात कशाने आलो?'
विमान, आगगाडी, बस, जहाज. योग्य चित्राला गोल करा.
चित्रातल्या जहाजाला दोन धुराडी आहेत, वर झेंडा.
तेस्फालेमची पेन्सिल त्याच्याभोवती घिरट्या घालते, टेकत नाही.
त्याची रबराची होती. एकोणतीस माणसं,
आणि पहाटेपर्यंत पुरेल इतकी हवा.
"रबराची, असं कुठं लिहू?"
"नाही लिहायचं," बाई सांगतात. "बायच्या मागे नुसतंच बोट.
कसली, कुणाची, केवढी,
ते या शब्दाला पेलत नाही."
तेस्फालेम मान डोलावतो.
नियम त्याला आवडलेला दिसतो.
गोल करतो. दोन धुराड्यांसकट.

शीलान शेवटच्या बाकावरून उठते,
पर्समधून चौघडी घातलेलं पत्र काढते.
'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.'
"यात तो शब्द कुठाय? कुणाकडून?"
बाई चष्मा वर करतात, खाली करतात.
"अशा वाक्यात तो गाळता येतो."
"कोण गाळतं?"

हीटर खोकतो.
व्याकरणाच्या पुस्तकात याला उत्तर आहे, अर्ध्या पानाचं:
कर्ता माहीत नसेल, किंवा सांगायचा नसेल, तेव्हा.
बाई ते वाचून दाखवत नाहीत.
पत्र टेबलावर ठेवतात, पूर्णविराम खोडतात,
पुढे बाय लिहितात
आणि त्यापुढे एक रेघ, बरीच लांब,
समासाच्या बाहेर गेलेली.

सव्वाआठला खुर्च्या एकावर एक चढतात.
डानुटे दारातून ओरडते, बाय!
तिला कळतं काय झालं ते, तोंडावर हात ठेवते,
सगळे हसतात, शीलानसुद्धा.

बाई गोदीच्या कडेने घरी जातात.
वाऱ्याला डिझेलचा वास.
सात वर्षांच्या होत्या तेव्हा
वडील इथूनच ट्रॉलरवर चढले होते,
शुक्रवारपर्यंत परत येतो म्हणून.
बाय फ्रायडे.
त्याआधी कधीही, त्यानंतर नाही.
समुद्राने नेलं, असं कुणी लिहिलं नाही.
पाटीवर नुसतीच नावं आहेत.

आपला 'पर्यंत' येणाऱ्यालाही चालतो,
वाट बघणाऱ्यालाही.
इंग्रजीने दोघांना वेगळं काढलं आहे:
येणाऱ्याला बाय,
वाट बघणाऱ्याला अन्टिल.
आईच्या वाट्याला दुसरा आला.
शनिवारी सकाळी तिने किटली पुन्हा भरून ठेवली.

पुढच्या मंगळवारी तो धडा घ्यायचा आहे.
बाई अजून उदाहरणं शोधताहेत.